नोटरी परीक्षेविषयी खुलासा

‘६ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करा, लेखी परीक्षेत ७० गुण मिळवा आणि नोटरी व्हा’ असा मजकूर सध्या तयारीवर्गांच्या जाहिरातींसह फिरत आहे. हे निकष खरे आहेत, मात्र ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे आहेत; तेथे नेमणूक ४ वर्षांची असते आणि १५,००० डॉलरचा हमीरोखाही द्यावा लागतो. भारतात नोटरी अधिनियम, १९५२ आणि त्याखालील १९५६ च्या नियमांत अशी लेखी परीक्षाच नाही. अर्जदार वकिलाचा किमान १० वर्षांचा, तर महिला आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय वकिलांचा ७ वर्षांचा अनुभव पाहिला जातो. नसलेल्या परीक्षेच्या प्रश्नसंचावर (त्यातही डॉलरमधील शुल्काची गणिते!) पैसे घालवण्यापेक्षा इच्छुकांनी अनुभवाची वर्षे भरतात का, हे वकिलीच्या सनदेवरील (परवान्यावरील) तारखेवरून तपासावे.