गाव कोणाच्या नावावर

2014 मध्ये इथे कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं एक अख्खं गाव विकायला निघाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. गावाचं नाव ब्रॅडियन. 50 एकर जागा, 22 घरं, किंमत दहा लाख डॉलरला पाच हजार कमी. तेव्हा तेवढ्या पैशांत व्हँकुव्हर शहरात धड एक बंगला येत नव्हता, त्यामुळे ऑफिसात दोन दिवस सगळे तेच चघळत होते. पुढे ते गाव चीनमधल्या एका उद्योगसमूहाने घेतलं आणि एकदम सूर बदलला. आपला इतिहास चिन्यांच्या घशात घातला, वगैरे. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही महिन्यापूर्वी ब्रॅडियनचं नाव ऐकलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मुद्दाम बघायला गेलो. व्हँकुव्हरच्या उत्तरेकडच्या पेंबर्टन गावाहून वर हर्लीचा कच्चा रस्ता आहे, हिवाळ्यात बंदच असतो. शेजारच्या ब्रॅलोर्नच्या सोन्याच्या खाणीतल्या कामगारांसाठी 1930 च्या दशकात ही घरं बांधली. 1971 मध्ये खाण बंद पडली आणि माणसं उठून गेली. काही घरांवर नवं छप्पर होतं, काहींच्या खिडक्यांतून आत गवत शिरलं होतं. 'नवा मालक कोण' हे सांगणारी एकही खूण मला तिथे दिसली नाही. जुना मालक कोण होता, याचीही नाही.

आता माझी गंमत ऐका. याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, पार उत्तरेला अलास्काच्या हद्दीजवळ किटसॉल्ट नावाचं आणखी एक ओस खाणगाव आहे. पोलाद कणखर करायला लागणाऱ्या मॉलिब्डेनमसाठी 1979 च्या सुमारास वसवलेलं. शंभराच्या आसपास घरं, अपार्टमेंट, दवाखाना, शाळा, दुकानं, पोहण्याचा तलाव, सगळं बाराशे लोकांच्या हिशेबाने. 1982 मध्ये धातूचे भाव कोसळले. जेमतेम दीड वर्ष राहून लोक गेले. 2005 च्या सुमारास ते गाव कृष्णन सुथंतिरन या भारतात जन्मलेल्या, कॅनडात शिकलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या उद्योजकाने सुमारे 70 लाख कॅनेडियन डॉलरना विकत घेतलं. त्यांनी तिथे राखणदार ठेवले, हिरवळ कापून घेतली, घरं हिवाळ्यात गरम ठेवली. राहायला मात्र कोणी आलं नाही. मग नैसर्गिक वायूचं टर्मिनल करू अशी कल्पना निघाली, तीही तशीच राहिली.

हे वाचलं तेव्हा माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू! इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात मी हा किस्सा तीनदा सांगितला. 'आपल्या माणसाने कॅनडात गाव घेतलं.' ब्रॅडियन चिन्यांनी घेतलं तेव्हा पोटात काहीतरी टोचलं होतं आणि किटसॉल्टच्या वेळी गुदगुल्या झाल्या. कायदा तोच, प्रांत तोच, दोन्ही गावं सारखीच रिकामी.

आणि मुळात ही गावं होती कोणाची? किटसॉल्ट वसवलं ते अमेरिकी भांडवलाने. म्हणजे ते पहिल्या विटेपासून परदेशीच होतं, पण तेव्हा पगार मिळत होते, म्हणून कोणाचा अभिमान दुखावला नाही. खाणीचा गाळ तिथल्या खाडीत सोडायला सरकारने परवानगी दिली, त्याला विरोध केला तो तिथल्या मूळ रहिवासी निस्गा लोकांनी, कारण त्या खाडीतले मासे त्यांच्या ताटात जायचे. त्यांनी शंभराहून अधिक वर्षं भांडून 2000 साली आपल्या जमिनीचा करार मिळवला. ब्रॅडियनच्या परिसरावर स्टॅटलिअम या मूळ रहिवासी लोकांचा दावा आहे. यांच्यासमोर 'कॅनडाचं गाव परक्याने घेतलं' असं म्हणायचं तर जरा धीट चेहरा लागतो.

सरकारने पुढे कायदाही केला. 1 जानेवारी 2023 पासून परदेशी माणसाला इथे राहतं घर विकत घेता येत नाही. पण ही बंदी शहरी भागापुरती आहे. मागणी असते तिथे बंदी, आणि ओस खाणगाव कोणीही घ्या. गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्या ग्रुपवर गेले दोन महिने एकच विषय आहे: कोकणातली जमीन परप्रांतीयांना विकू नका. आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला. चुलतभाऊ रोज एक पोस्टर टाकतो, लाल अक्षरांत. मी एकदा लिहिलं की विकणारे कोण आहेत, तेही लिही. लगेच उत्तर आलं, "दादा, तुका थयसून बोलूक काय जाता?"

बरोबर आहे त्याचं. मला काही जात नाही. उलट त्याच्या पोस्टरच्या हिशेबाने त्या सातबारावरचा सगळ्यात मोठा परका मीच आहे. मी कॅनडाचा नागरिक. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं त्या ओसीआय कार्डावर मला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. दिल्लीचा जो कोणी घेईल तो निदान देशाचा नागरिक तरी असेल! पण माझ्याविरुद्ध पोस्टर निघत नाही, कारण माझं आडनाव बरोबर आहे.

त्याची भीती मात्र खोटी नाही, हे इथून बसूनही कळतं. मागच्या खेपेला गेलो तर समुद्राकडे जाणारी जुनी पायवाट लोखंडी गेटने बंद केलेली. आजी त्या वाटेने मासळी आणायला जायची. चौकशी केली तर गेट लावणारा मुंबईचा, आणि अस्सल मराठी. दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावच्या खाणीतला बांध 2021 च्या जुलैत फुटला आणि गढूळ पाण्याचा लोंढा खाली लोकांच्या घरांत, बागायतीत शिरला, तेव्हाही मध्ये कोणी चिनी नव्हता. वेंगुर्ल्याजवळच्या रेडीला लोहखनिज काढून झाल्यावर उरलेले खड्डे पावसात भरतात, ते कोणाच्या नावावर आहेत हे पाण्याला माहीत नसतं.

आपल्याकडे मालकीच्या शेजारी वहिवाट हा शब्द आहे. जमीन कोणाची हे एक, आणि तिथून ये-जा कोण करतं, पाणी कोण भरतं, आंबे कोण उतरवतं हे दुसरं. भांडायचंच तर या दुसऱ्यासाठी भांडावं असं मला वाटतं. विकत घेणारा चीनचा असो, दिल्लीचा असो की दादरचा, पायवाट उघडी राहील का, खाण बंद झाली की खड्डा कोण बुजवणार, हे कागदावर आधी लिहून घ्यावं. त्यात अभिमानाला फारसं काम नसतं, म्हणून त्याची पोस्टरं होत नसावीत. चुलतभावाला हे पटलेलं नाही. त्याच्या मते मी कॅनडात राहून थंड झालो आहे.

किटसॉल्टचं ते एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही: कापलेली हिरवळ, उबदार घरं, आत कोणी नाही. आमचं घर गणपतीचे पाच दिवस उघडतं. बाकीचे 360 दिवस चुलतभाऊच संध्याकाळी जाऊन तुळशीपुढे दिवा लावतो आणि वाळवी बघतो. सातबारावर सामाईक 14 नावं आहेत, त्यांपैकी गावात राहतो तो एकटा.

काल ग्रुपवर पोस्टरऐवजी छपराचा फोटो होता. पावसाआधी नळे, म्हणजे कौलं, परतून घेतले, शंभरेक नवे घालावे लागले. खाली खर्चाचा आकडा आणि प्रत्येकाचा वाटा. 13 जणांपैकी दोघांनी अंगठा दाखवला आहे. पैसे अजून कोणीच पाठवलेले नाहीत, मीसुद्धा.