कॅपचं सोडा, समोरच्या दाढेचं बोला

रूट कॅनल झालं की सल्ले सुरू होतात आणि ज्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत तो सगळ्यात मोठ्या आवाजात सांगतो, "झिरकोनियाचीच कॅप बसव, जन्मात झिजणार नाही." अरे पण जन्मात न झिजणारी वस्तू तोंडात नक्की कुणावर घासणार, हे कुणी विचारतच नाही!

आधी रंग ठरतो. नमुन्याच्या दातांची एक माळ आपल्या ओठाशी धरतात आणि तेव्हा कळतं की इतकी वर्षं आपण ज्याला पांढरं म्हणत होतो तो 'ए थ्री पॉइंट फाइव्ह' आहे, म्हणजे सभ्य भाषेत पिवळा. मग तो पिवळेपणा पैसे मोजून मुद्दाम बनवून घ्यायचा, नाहीतर एकच दाढ ट्यूबलाइटसारखी चमकणार.

झिरकोनिया म्हणजे झिरकोनियमचं ऑक्साइड, त्यात थोडं यिट्रियम ऑक्साइड. भट्टीत साधारण 1500 डिग्रीला भाजताना कॅप जवळजवळ पाचव्या हिश्श्याने आकसते, म्हणून मशीनवर आधीच मोठी कोरतात. पण खरी करामत पुढे आहे. तडा जायला लागला की तिथले कण आपली रचना बदलून 4-5 टक्के फुगतात आणि तड्याला तिथल्या तिथे दाबून टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1975 सालीच याला 'सिरॅमिक स्टील' म्हटलं होतं. माझ्या स्वतःच्या दाढेला यातलं काही जमलं नाही, तिला तडा गेला आणि तिने तो थेट दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचवला.

आता कडकपणा. ज्या मापात दाताचं इनॅमल 300 च्या आसपास भरतं त्याच मापात झिरकोनिया 1200 च्या वर. हे ऐकल्यावर माझी जीभ आपोआप वरच्या दाढेला धीर द्यायला गेली. आपलेच दात आपलेच ओठ ऐकलं होतं, इथे तर आपलीच दाढ आणि आपलीच दाढ. त्यात इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, कडकपणाला घाबरू नका, खरबरीतपणाला घाबरा. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला जुन्या पोर्सिलेनपेक्षा कमी झिजवतो. घोळ असतो तो ग्लेझचा. वरून काचेसारखा चकचकीत थर दिला की दिसायला झकास, पण चावून चावून तो उडतो आणि खाली पॉलिश न केलेला भाग असेल तर तो सँडपेपरसारखा समोरच्या दाढेवर चालत राहतो, आणि आपण रोज दोन वेळा जेवून त्याला काम पुरवतो. थोडक्यात चमक दोन प्रकारची, एक लावलेली आणि एक घासून आणलेली, आणि आपल्याला दुसरी हवी.

बरं, एवढं सगळं समजूनही, कॅप कुठे उंच लागते ते बघायला दातांत धरतात त्या निळ्या कागदापुढे शहाणपण चालत नाही. अर्धा जबडा भुलीने बधिर, ओठ आहे की गेला याचा पत्ता नाही, आणि विचारणा होते, "नेहमीसारखं चावा." नेहमीसारखं म्हणजे कसं? इतकी वर्षं बिनबोभाट मिटणारं तोंड, कुणी बघतंय म्हटल्यावर त्याला आपलं घरच सापडेना! "आता डावीकडे घासा, उजवीकडे घासा, उंच लागतंय का?" मी "नाही" म्हटलं तर त्यांचा विश्वास नाही आणि "हो" म्हटलं तर माझा नाही. शेवटी कागदाचे निळे ठिपके बघून त्यांनीच ठरवलं की लागतंय, आणि हिऱ्याचा बर (म्हणजे घासायचं फिरतं टोक) आणि पाण्याचा फवारा घेऊन कॅप घासायला घेतली. तो आवाज कानाने नाही, कवटीने ऐकू येतो.

पण मुद्दा असा की उंची कमी करायला बर फिरवला की ती जागा पुन्हा खरबरीत झाली, म्हणजे पुन्हा रबराच्या पॉलिशरने घासून गुळगुळीत करणं आलं. समोरच्या दाढेचा वकील म्हणून मला हे विचारणं भागच होतं. गालात कापूस, जिभेखाली ती फुर्रर्र करणारी नळी, तरी मी हात वर केला आणि ठणकावून विचारलं, "ऑऑइअ एअं आ?"

"दुखतंय का?" म्हणाल्या, आणि भुलीचं आणखी एक इंजेक्शन दिलं.