शिवला का कावळा?

रविवारी रात्री एका छोट्या नाट्यमहोत्सवात एक मुलगी पासष्ट मिनिटं एकटी गात होती आणि त्यातली निदान वीस मिनिटं ती कावळा होती. घरी आल्यापासून मी मधूनच हसते आहे. नवऱ्याने विचारलं, कसलं होतं नाटक? म्हटलं, दहाव्यावर गाणी आहेत. तर म्हणतो, "कुणाच्या?"

एकपात्री, संगीत, आणि विषय वडिलांचं जाणं व त्यानंतरचे तेरा दिवस. पोस्टरवर 'डार्क कॉमेडी म्युझिकल' असं छापलेलं होतं, त्यामुळे खरं तर मी जाणारच नव्हते. असं लिहून जे दाखवतात त्यात बहुतेकदा लाइट कमी असतात एवढंच काय ते डार्क. पण मैत्रिणीने तीनतीनशेची दोन तिकिटं काढून ठेवली होती आणि तिच्या सासूबाईंनी विषय कळल्यावर यायला साफ नकार दिला. त्यांची खुर्ची मला मिळाली.

मुलीचं आणि महोत्सवाचं नाव लिहीत नाही. पुढे मी थोडी टीकाही करणार आहे, आणि कलाकाराला गाठून "अगं, आमच्या ओळखीतल्या एक बाई तुझ्याबद्दल लिहीत होत्या" असं सांगणारे माझ्या यादीत पुष्कळ आहेत.

तर, काळा पडदा, ऐंशीएक खुर्च्या. समोर एक पाट, पितळी तांब्या, हार्मोनियम आणि पायाशी लूप पेडल. सगळा सेट ॲक्टिव्हावर मावेल असा. (मावतो. प्रयोगानंतर पार्किंगमध्ये ती पेटी पुढे पायाशी ठेवून गाडीला स्टार्टर मारताना पाहिली.) ज्यांना हे पेडल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाने दाबलं की तुम्ही जे गाल ते यंत्र टिपून घेतं आणि फिरवून फिरवून ऐकवत राहतं. त्यावर दुसरा आवाज चढवायचा, मग तिसरा. तिने आधी तांब्यावर अंगठीने ठेका धरला. मग आत्या आली: "बघा गं, काही राहिलंय का त्याचं." त्यावर काका: "फ्लॅटचं एकदा बोलून घेऊ." त्यावर शेजारचे गृहस्थ: "रिक्षा थांबवून ठेवलीय मी." त्यावर मुंबईहून आलेली मावसबहीण, जिला परतीची गाडी गाठायची आहे. दोन मिनिटांत घाटावर वीस माणसं उभी, आणि सगळी एकाच गळ्यातून निघालेली. आपल्याकडे कीर्तनकाराच्या मागे उभे राहून त्याचं पद उचलून धरणारे झीलकरी असतात. ही बाई स्वतःच स्वतःची झील धरत होती. नातेवाईक नावाची गोष्ट डोक्यात कशी वाजते, बंद कशी होत नाही, हे मला इतक्या नेमकेपणाने कुठल्याही कौटुंबिक नाटकात ऐकू आलेलं नाही. तिथे सोफ्यावर सहा जण बसून बोलतात आणि एकाच्याही तोंडी 'रिक्षा थांबवलीय' हे वाक्य नसतं.

मग पिंड ठेवतात आणि कावळा येत नाही.

इथून प्रयोग वर जातो. खाली वचनं सुरू होतात. आईला मी सांभाळीन. धाकटीचं लग्न करून देईन. गावच्या जमिनीवरून भांडणार नाही (इथे यंत्रातून काका तीनदा खोकतात). सत्यनारायण घालू. आणि ती मुलगी पाटावर उकिडवी बसून, मान तिरकी करून, कावळ्याच्या तोंडून जुन्या नाट्यपदाच्या थाटात गायला लागते. संथ आलाप, मुखडा, आणि मग 'का' या एका अक्षरावर अशी लांबलचक तान की माझ्या शेजारच्या आजोबांनी सवयीने मांडीवर थाप मारली आणि लगेच हात मागे घेतला. कावळ्याचं म्हणणं असं की सकाळपासून हा सातवा पिंड, मला भूक नाही. आणि तुम्ही जे कबूल करताय त्यातलं एकही या गृहस्थांना नको आहे. त्यांचा जीव दूधवाल्याकडे राहिलेल्या अठरा रुपयांत अडकलाय.

अठरा रुपये! फ्लॅट नाही, लग्न नाही. ज्यांनी पुण्यात वडील पाहिले आहेत त्यांना हा विनोद समजावून सांगायला नको.

मुलगी शेवटी हात जोडून म्हणते, "मिळाले बाबा अठरा रुपये." कावळा झेप घेतो, पिंडाला शिवतो. सगळे रिक्षाकडे पळतात. मग ती प्रेक्षकांकडे बघून साध्या आवाजात सांगते की मिळाले नव्हते. सभागृहात जे हसू फुटलं त्यात अर्धा हुंदका होता. तिथे प्रयोग संपवायचा. पण तिने तो पुढे दहा मिनिटं चालवला, त्याबद्दल नंतर बोलते.

बाहेर चहाच्या वेळी एक सद्गृहस्थ तावातावाने म्हणत होते की हे परदेशातलं फॅड आहे, आपल्यात मरणावर विनोद करत नाहीत. अशा छोट्या महोत्सवांना म्हणतात तो 'फ्रिंज' हा शब्द परदेशातला आहे हे कबूल. १९४७ मध्ये एडिनबरात मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या बोलावणं नसताना येऊन धडकल्या आणि जागा मिळेल तिथे त्यांनी आपापले प्रयोग लावले. लग्नाला आगंतुक यावेत तसे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केंप या स्कॉटिश नाटककाराने लिहिताना त्यांच्यासाठी 'फ्रिंज' शब्द वापरला. फ्रिंज म्हणजे काठ, झालर. आज ती झालर मूळ लुगड्यापेक्षा कितीतरी मोठी झाली आहे. पुण्यात आपण याला प्रायोगिक म्हणतो, आणि सुदर्शन रंगमंचासारख्या जागांमुळे इथल्या प्रेक्षकाला नटाच्या कपाळावरचा घाम दिसेल इतक्या जवळ बसायची सवयही आहे.

पण बाकीचं परदेशी? सद्गृहस्थांना मी तिथे काही बोलले नाही, चहा गरम होता. इथे बोलते.

पैठणच्या एकनाथांचं भवानीआईला रोडगा वाहण्याचं भारूड आठवा. नाथ गेले १५९९ मध्ये, म्हणजे रचना चारशे वर्षांपेक्षा जुनी. एक सून देवीपुढे उभी आहे आणि यादी वाचते आहे. सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच खपव. सासू जाच करते, तिचा लवकर निकाल लाव. जाऊ फडाफडा बोलते, तिला बोडकी कर. (इथे थांबून विचार करा: म्हणजे दिराचाही परस्पर बंदोबस्त.) नणंदेचं पोर किरकिरतं, त्याला खरूज होऊ दे. नवऱ्याची तर आहुतीच देते म्हणते. आणि एवढ्या कामाची मजुरी काय, तर एक रोडगा. शेवटच्या ओळीत नाथ स्वतःच्या नावानिशी तिला म्हणायला लावतात की सगळेच जाऊ देत, मला एकटीच राहू दे.

एक बाई, एक गळा, गाणं, अख्ख्या घराचा मुडदा आणि समोर हसून लोळणारी माणसं. पोस्टरवर काय छापलं असतं याच्या?

माझी आजी हे भारूड ऐकताना पदर तोंडात कोंबायची. तिची सासू नव्वद वर्षं जगली होती.

त्यात पुन्हा आपली संगीत नाटकाची सुरुवातच मुळी एका माणसाच्या गाण्याने झाली. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, तेव्हा सगळ्या पात्रांची पदं सूत्रधारच म्हणायचा. राक्षसाचं तोच गाणार, सीतेचंही तोच. पात्रांच्या तोंडी त्यांची त्यांची पदं दिली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी, शाकुंतलात, १८८० मध्ये, इथे बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव थिएटरात. या मुलीने वाटून टाकलेली गाणी पुन्हा गोळा करून एका तोंडात घातली, इतकंच. आणि काळ्या विनोदाचं म्हणाल तर देवलांची शारदा आहे, १८९९ ची. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, आणि त्या नवरदेवाच्या वयावरचं पद लोक अजून गुणगुणतात. विषय काय भयंकर आहे हे पदाच्या चालीत विसरायला होतं आणि मग दचकायला होतं. ती दचक हाच त्या नाटकाचा धंदा होता.

एकटीनेच का, याचं कारण मात्र परंपरेत शोधायला नको. दुसऱ्या नटाची नाईट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, द्यायला पैसे नाहीत. चार जणांच्या तारखा जमवायच्या म्हणजे दोन मालिकांच्या शूटिंगच्या कलाने तालमी लावायच्या. ऐंशी खुर्च्या भरल्या तरी हॉलचं भाडं, लाइटवाला आणि तिकिटं विकणाऱ्या ॲपचा हिस्सा जाऊन पेट्रोलपुरते उरत असतील. एकपात्रीला आपण धाडस म्हणतो. त्यात निम्मा हिशोब असतो, आणि त्या हिशोबातून लूप पेडलवरचे वीस नातेवाईक निघाले असतील तर माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती शेवटच्या दहा मिनिटांची. (सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'चं रॅपही नको होतं. रॅप करताना ती शाळेच्या स्नेहसंमेलनातल्यासारखी दिसत होती. पण ते चालून जातं.) "मिळाले नव्हते" या वाक्यानंतर निळा प्रकाश येतो. तिच्या मोबाइलमधून वडिलांचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो. ती पाटाशी बसते आणि हळू आवाजात म्हणते की बाबा, हे सगळं हसणं तुमच्यावरच्या प्रेमापोटी आहे. सगळे रडले. मीही रडले, आणि म्हणूनच मला राग आला. अहो, विषय बाप गेल्याचा आहे, इथे रडवायला कांदासुद्धा चिरावा लागत नाही. पन्नास मिनिटं तिने आम्हाला कड्याच्या टोकावर उभं केलं आणि मग स्वतःच घाबरून शाल पांघरली. कुणी तरी, बहुधा एखाद्या मार्गदर्शकाने, तिला सांगितलं असणार की लोक दुखावतील, शेवटी जरा हळवं ठेव. तिने माफी मागावी असं आम्ही म्हटलं नव्हतं. नाथांची सून शेवटी "गंमत केली हो सासूबाई" म्हणत नाही.

मैत्रीण म्हणाली, पण कीर्तनकार म्हणतात ना नंतर. सासू-सासरे म्हणजे आपले विकार, ते मारून जिवाला एकांत हवाय, असा अर्थ ते लावून देतात. बरोबर आहे. मी रात्रभर यावर अडले. मग तीही माफीच की. फरक मला एवढाच सुचला की तो अर्थ छत्रीसारखा आहे. ती डोक्यावर धरून बायका चारशे वर्षं खुशाल हसल्या, आणि छत्री धरली म्हणून कुणाचं हसू बंद झालं नाही. निळा प्रकाश आला तेव्हा आमचं हसू बंद झालं. यावर वाद घालायचा असेल तर घाला, माझं अजून पक्कं नाही.

आता हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं, ते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ओंकारेश्वराच्या घाटावर आम्ही पाऊण तास कावळ्याची वाट बघत उभे होतो. भावाने आईचं कबूल केलं, माझ्या लग्नाचं कबूल केलं. कावळा समोरच्या फांदीवर चोच घासत होता. मग एका दूरच्या काकांनी पुढे होऊन, हात जोडून, खणखणीत आवाजात सांगितलं, "दादा, स्कूटर माझ्या नावावर केली तरी मी वापरणार नाही." मला हसू आलं. आवरेना. मी तोंडावर ओढणी दाबली, खांदे हलायला लागले, आणि मोठ्या आत्याने मला जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला, "रड बाळा, रडून घे." त्या हाताखाली मी हसत होते हे आज पहिल्यांदा लिहिते आहे. आत्या आता नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिववला, आणि आम्ही घरी आलो. स्कूटर काकांनीच वापरली.

काल रात्री भावाला फोन केला. नाटकाचं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, बाबांचं काय राहिलं असेल रे तेव्हा?

तो एक क्षणही थांबला नाही. "लायब्ररीचं पुस्तक. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले होते, बदलून आण."

"मग?"

"अजून माझ्याकडेच आहे."