हजेरी, मुक्काम अथेन्स

आर्किटेक्चर कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला दरवर्षी एकदा अथेन्सच्या टेकडीवरचा पार्थेनॉन बांधावा लागतो. मी तो नागपुरात, पंखा कुरकुरत फिरणाऱ्या वर्गात, स्लाइडवर बांधत आलोय. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस हे आर्किटेक्ट, फिडियस शिल्पकार, इसवी सनपूर्व ४४७ला सुरुवात, समोर आठ खांब, बाजूला सतरा. मागच्या बाकावरून डबा उघडल्याचा वास येईपर्यंत माझं मंदिर छपराला लागलेलं असतं. त्यामुळे थीसिसची ज्युरी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांपुढची तोंडी परीक्षा, आटोपल्यावर शेवटच्या वर्षाच्या मुलांनी 'निरोपाची टूर ग्रीसला' असं ठरवलं आणि सोबत कोणीतरी शिक्षक हवा असं निघालं, तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. तरुण सहकाऱ्यांना नेमके त्याच आठवड्यात पेपर तपासायचे होते. एकाच्या घरी वास्तुशांत होती. "सर, विषय तुमचाच आहे," प्राचार्य म्हणाले.

विषय माझाच होता. काम मात्र मोजणीदाराचं निघालं.

अडतीस मुलं. विमानतळावर मोजा, बसमध्ये चढताना मोजा, उतरताना मोजा, हॉटेलच्या लॉबीत मोजा. मोजत असताना एक जण पाणी आणायला सटकतो आणि दुसरा सेल्फीसाठी जागा बदलून दोनदा मोजला जातो. आकडा बरोबर येतो आणि माणूस मागे राहतो. घाबरलो की मला मुलांची नावं आठवत नाहीत, नुसते रोल नंबर आठवतात. रोल नंबर २३ तर मला झोपेतही आठवायचा, कारण तो कधीच जागेवर नसायचा.

झोपेचं म्हणाल तर तीही नागपूरकरांच्या हाती होती. उन्हाळ्यात अथेन्स आपल्या अडीच तास मागे असतं. नागपुरात सकाळचे आठ वाजले, चहा झाला, की पालकांना लेकराची आठवण येते. तेव्हा अथेन्समध्ये साडेपाच वाजलेले असतात. "सर, झोपेत होते का? काही नाही, पोरगा जेवते ना बरोबर?"

जेवत होता. बॅगांमधून शेवचिवडा, ठेचा, भाजणी असं सगळं आलेलं होतं आणि एकीनं विजेची किटलीही आणली होती. तिच्यात मॅगी व्हायची, आणि एका रात्री फोडणी करण्याचा प्रयोगही झाला, तो धुराच्या अलार्मपर्यंत पोचला. हॉटेलचा मॅनेजर लुंगीतल्या मास्तरासमोर उभा राहून कशाला आग लागली असं विचारत होता आणि मी त्याला मोहरी दाखवत होतो. खरं तर शाकाहारी माणसाची ग्रीसमध्ये उपासमार होत नाही. फावा मागवा, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरणच ते, तुपाऐवजी ऑलिव्हचं तेल आणि वर कच्चा कांदा. पालक भरलेली खारी, म्हणजे स्पानाकोपिता, भात भरलेले टोमॅटो, हेही मिळतं. पण पोरांना फावा खाऊन घरची आठवण यायची आणि आठवण आली की किटली बाहेर यायची.

अक्रोपोलिसला, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीला, आता वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं, आणि २०२३पासून दिवसाला वीस हजार माणसांची मर्यादाही घातली आहे. आमची वेळ सकाळची होती. फार ऊन झालं की दुपारी काही तास टेकडी बंद ठेवतात, असं गाईडनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. "किती झालं की बंद करतात?" चाळीसच्या आसपास, तो म्हणाला. अडतीस नागपूरकर मनापासून हसले. "चाळीसमध्ये तं आमच्याकडे लग्नाच्या वराती निघतात बाप्पा!" रोल नंबर ९ म्हणाला. मग वर चढताना हजारो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या संगमरवरावरून तोच पहिला घसरला.

मी पार्थेनॉनसमोर उभा राहिलो. आयुष्यभर जे स्लाइडवर दाखवलं ते समोर होतं आणि माझा आवाज जरासा कापत होता. मी म्हणालो, नीट बघा, या इमारतीत सरळ रेघ जवळजवळ नाहीच. जोतं मधोमध फुगवलंय, आखूड बाजूला साधारण सहा सेंटीमीटर, लांब बाजूला अकरा. खांब आतल्या अंगाला कललेले, मध्ये किंचित पोट सुटलेलं, कोपऱ्यातले खांब बाकीच्यांपेक्षा जाड. भारावलेली शांतता पसरली. त्या शांततेत रोल नंबर ३१ म्हणाली, "मग सर, आमच्या शीटवरच्या रेघा वाकड्या म्हणून मार्क का कापले?"

उत्तर सुचायच्या आत शिट्टी वाजली. या टेकडीवर शिट्टी घेतलेले रखवालदार असतात. दगडाला हात लावा, शिट्टी. दोरी ओलांडा, शिट्टी. संगमरवराच्या तुकड्यावर बसून रील काढा, लांब शिट्टी. ही शिट्टी रोल नंबर २३साठी होती. पडलेल्या खांबाचा एक गोल तुकडा होता, त्यावर त्यानं प्रेमानं हात ठेवला होता. मला मनातून थोडा रागच आला. सेकंड इयरला याच पोरांना मी कार्ल्याला नेलं होतं. तिथल्या चैत्यगृहात कितीतरी खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. त्यातले खरे ग्रीक किती, यावर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. पण यवनांनी आमच्याकडे येऊन आख्खे खांब द्यावेत आणि आमच्या पोरानं यांच्या खांबाला नुसता हात लावला तर शिट्टी?

मंदिराच्या डागडुजीचं काम १९७५ला समिती नेमल्यापासून चालू आहे. मूळ इमारत मात्र नऊ वर्षांत उभी राहिली होती, शिल्पांना आणखी सहा लागली. हे सांगितल्यावर मुलांनी आपल्या शहरातल्या एका उड्डाणपुलाचं नाव घेतलं आणि ग्रीक लोकांबद्दल त्यांच्या मनात एकदम आपलेपणा दाटला.

खाली नव्या म्युझियममध्ये मी हरलो. २००९ साली उघडलेल्या या इमारतीचा आर्किटेक्ट बर्नार्ड चुमी, आणि काचेच्या जमिनीखाली जुन्या वस्तीचं उत्खनन दिसतं. स्कर्ट घालून आलेल्या मुली त्या काचेवरून जायला तयार नव्हत्या, त्या कडेकडेनं गेल्या आणि माझ्या मोजणीत चार कमी आल्या. त्या सापडल्या तेव्हा मी एरेक्थिऑन या टेकडीवरच्या दुसऱ्या मंदिराच्या कॅरिअॅटिडांसमोर उभा होतो. डोक्यावर छत पेलणाऱ्या या सहा बायका. वर टेकडीवर आता त्यांच्या प्रतिकृती आहेत आणि मूळच्या इथं आहेत. सवयीनं मी मोजल्या. पाच. सहावी लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूतानं नेली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि इथं तिची जागा मोकळी सोडलीय. दोनशे वर्षं झाली, एक कमी भरतेय आणि सगळा देश हटून बसलाय की आम्ही तिला धरूनच मोजणार. त्या क्षणी ग्रीसच्या सांस्कृतिक खात्याइतकं जवळचं मला कोणी वाटलं नाही.

अगोरात, म्हणजे जुन्या अथेन्सच्या बाजारचौकात, सॉक्रेटिसचा विषय निघाला. इसवी सनपूर्व ३९९मध्ये त्याच्यावर खटला भरला, त्यातला एक आरोप तरुणांना बिघडवल्याचा. तरुणांनी मास्तराला बिघडवल्याचा खटला कुठल्याच लोकशाहीनं आजवर चालवलेला नाही. त्यानंतर मी खापरांकडे वळलो. नको झालेल्या पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करायला अथेन्सचे नागरिक खापरावर त्याचं नाव कोरून मत द्यायचे. थेमिस्टोक्लिसच्या नावाची १९०च्या आसपास खापरं एका विहिरीत सापडली आणि तज्ज्ञांनी अक्षरं तपासली तर लिहिणारे हात निघाले फक्त चौदा. आधीच लिहून ठेवलेली मतं! वर्गात हे सांगताना कोणी मान वर करत नाही. इथं मात्र सगळे एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसत होते. माझ्या हजेरीपटावरही साधारण तेवढेच हात सह्या करत असणार, असा हिशोब मी तिथल्या तिथं मांडला.

डेल्फीत फार रमलो नाही, घाटात निम्मी बस आडवी झाली होती. लिडियाचा राजा क्रीसस यानं इथल्या देवळात कौल मागितला तेव्हा 'युद्ध केलंस तर एक मोठं साम्राज्य बुडेल' असं उत्तर मिळालं, आणि बुडालं ते त्याचंच. "म्हणजे ज्युरीत एक्स्टर्नल बोलतात तसंच," कोणीतरी म्हणालं.

एपिडॉरसला पोचलो तेव्हा पाय बोलत होते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातलं थिएटर, पंचावन्न रांगा, चौदा हजारांच्या आसपास माणूस बसेल एवढं. मध्यभागी कागद फाडला तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतो, असं सगळे गाईड सांगतात. डच संशोधकांनी २०१७मध्ये मोजमापं घेऊन त्यातली हवा काढली, हे मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं. तरी पोरं वरपर्यंत चढून पांगली. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, काही थेट झाडांच्या सावलीला. आता यांना मोजायचं कसं? मी खिशातून यादी काढली, मधल्या गोल दगडावर उभा राहिलो आणि सरळ हजेरी घ्यायला लागलो.

सुख म्हणतात ते हेच. प्रत्येक नंबराला नेमक्या कोणत्या रांगेतून उत्तर येतंय ते कळत होतं. एक, दोन, तीन, सगळं सुरळीत. "ट्वेन्टी थ्री?"

"प्रेझेंट सर!" डावीकडून, खालच्या टप्प्यातून.

"प्रेझेंट सर!" उजवीकडून, पार वरून.

दोन्ही आवाज मुलींचे होते. रोल नंबर २३ बाहेर पाइनच्या झाडाखाली आईस्क्रीम खात होता, हे नंतर कळलं. मी दम द्यायला छाती भरून घेतली आणि शिट्टी वाजली. माझ्यासाठी. रखवालदार पायऱ्या उतरून आला. इथं गाणं, भाषण, प्रयोग काहीही परवानगीशिवाय करता येत नाही, तो म्हणाला. गाईडनं त्याला बाजूला घेऊन ग्रीकमध्ये बराच वेळ समजावलं. त्यानं माझ्या हातातली यादी पाहिली, वर बसलेल्या पोरांकडे पाहिलं, आणि चोविसापासून पुढं हळू आवाजात घ्या म्हणाला.