पिवळी चिप म्हणजे नकली एलईडी? हळदीच्या गावात तरी असं म्हणू नका

आमच्या वाळवा तालुक्यात रात्रीच्या लाईटवर उसाला दारं धरायला जाणारा माणूस बॅटरीशिवाय, म्हणजे टॉर्चशिवाय, घराबाहेर पडत नाही. बिबट्याच्या बातम्या यायला लागल्यापासून तर लांब झोताचीच बॅटरी हवी असते. म्हणूनच असेल, सध्या एक मेसेज गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: चिप पिवळी दिसली तर ती रंगवलेली, नकली. झोताच्या कडेला पिवळं कडं पडलं तर माल हलका. प्रकाश जितका निळसर, तितके वॅट जास्त. आणि अस्सल एलईडी तापतच नाही.

पहिल्या मुद्द्यातच गाडी रुळावरून घसरलीय. बॅटरीतल्या पांढऱ्या एलईडीत पांढरा प्रकाश देणारा तुकडा मुळात नसतोच. आत साधारण मिलिमीटरभर रुंदीची, निळा प्रकाश देणारी चिप असते. तिच्यावर फॉस्फरचा पिवळा लेप असतो, बहुधा सिरियम मिसळलेल्या यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटचा. थोडा निळा प्रकाश लेपातून तसाच पार होतो, उरलेला लेप शोषतो आणि पिवळा करून सोडतो. दोन्ही मिसळले की डोळ्याला पांढरं दिसतं. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरांनी 1993 साली झगझगीत निळी एलईडी करून दाखवली, 1996 मध्ये त्याच कंपनीची फॉस्फरवाली पांढरी एलईडी आली, आणि 2014 चं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं ते निळ्या एलईडीसाठी. म्हणजे मेसेजवाला ज्याला ‘रंग मारलाय’ म्हणतो, त्याच्यावरच सगळा खेळ उभा आहे. खात्री करायचीय? बंद पडलेल्या बॅटरीच्या चिपवर दुसऱ्या कशाचा निळा प्रकाश टाकून बघा. हळदीची चिमूट ठेवल्यासारखा तो ठिपका पिवळा उजळतो.

कड्याचं कारण याच लेपात आहे. चिपमधून सरळ वर निघालेला निळा किरण लेपाची फक्त जाडी ओलांडतो. तिरका निघालेला त्याच लेपातून जास्त अंतर कापतो, म्हणून त्यातला जास्त भाग पिवळा होतो. समोरून पांढरं, कडेनं पिवळसर, हा प्रकार चांगल्या कंपनीच्या एलईडीतही थोडाफार असतोच. तो भिंतीवर किती दिसणार, हे चिपभोवतीची चकचकीत वाटी आणि पुढचं भिंग ठरवतं. गुळगुळीत वाटी कडं जसंच्या तसं पुढे फेकते, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत वाटी रंग मिसळून टाकते. पुढेमागे सरकणाऱ्या भिंगाच्या बॅटरीत तर चिपचा चौकोनच भिंतीवर उमटतो आणि भिंग स्वतःही कडेला रंग फोडतं. उसाच्या फडात याने काडीचाही फरक पडत नाही. पांढऱ्या भिंतीवर झोत मारून बॅटरी पारखणाऱ्यालाच ते खुपतं.

निळसर म्हणजे जास्त वॅट? वॅट ठरतात व्होल्ट गुणिले करंट यावरून: 3 व्होल्टच्या आसपास 1 अँपिअर दिला की 3 वॅट. छटा ठरते लेपाच्या मिश्रणावरून आणि जाडीवरून. तीच चिप, तोच करंट, लेप पातळ केला की प्रकाश निळसर. यात खरं एवढंच, की एकाच मालिकेतली थंड (निळसर) छटेची एलईडी उबदार (पिवळसर) छटेपेक्षा त्याच विजेत थोडा जास्त उजेड देते, कारण निळ्याचं पिवळं-तांबडं करताना ऊर्जा वाया जाते. पण मूळचा पांढरा झोत वापरता वापरता निळा पडू लागला, तर खूश होऊ नका. चिपला झेपेना इतका करंट जातोय किंवा लेप उष्णतेने खराब झालाय, असा संशय घ्या. शिवाय 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे खोक्यावरचा छटेचा आकडा, जितका मोठा तितका उजेड निळसर) निळसर उजेडात राजापुरी हळकुंड फिकं दिसतं. सौद्याच्या वेळी ते दाराशी, उन्हात नेऊन बघणाऱ्याला हे सांगायला नको.

केल्विनवरही सगळी भिस्त ठेवू नका. तो आकडा निळ्या-पिवळ्याकडचा कल सांगतो, हिरव्या-गुलाबीकडचा नाही. म्हणून खोक्यावर एकच आकडा असलेल्या दोन बॅटऱ्यांत एक हिरवट, दुसरी गुलाबट निघू शकते. एकाच घाण्यातल्या एलईडीही तंतोतंत सारख्या उतरत नाहीत. कारखान्यात त्या मोजून छटेप्रमाणे वेगवेगळ्या गटांत लावतात.

राहिलं तापणं. जुन्या दिव्याची उष्णता झोताबरोबर पुढे जायची, एलईडीची मागे जाते: सिरॅमिकच्या बैठकीतून ॲल्युमिनियमच्या पट्टीत, तिथून बॅटरीच्या अंगात. नुसतं निळ्याचं पिवळं होतानाच त्या प्रकाशाची जवळपास पाचव्या हिश्शाची ऊर्जा उष्णता होते. मोठ्या झोताची बॅटरी दहा मिनिटं पेटवूनही अंग थंडगार लागलं, तर मला तिचीच शंका येते. एक तर खोक्यावरचे वॅट खोटे, नाहीतर उष्णता चिपपाशीच कोंडलीय.