मोटार पेठेबाहेर का ठेवायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गणेशोत्सवाचे दहाही दिवस संध्याकाळी पुण्याच्या मधल्या पेठा खासगी मोटारींना बंद ठेवाव्यात, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, की पेठेत राहणाऱ्याला हे सुचणं सोपं आहे. हडपसरहून पंचाहत्तरीची आई आणि लहान लेक घेऊन दगडूशेठच्या दर्शनाला येणाऱ्यानं काय करायचं? आणि सण काय फक्त पेठेतल्यांचाच आहे का?

सण सगळ्यांचा आहे. म्हणूनच रस्ता चालणाऱ्यांना मोकळा हवा, असं मला मनापासून वाटतं. ऋषिपंचमीला पहाटे हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणायला दगडूशेठसमोर बसतात, ते रस्ता वाहनांना बंद असतो म्हणूनच जमतं.

माझं मत कशामुळे बनलं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी गौरी जेवल्या त्या संध्याकाळी शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. अँब्युलन्स आली, पण गल्लीच्या तोंडाशी अडली. कुणीतरी मोटार आडवी लावून गणपती बघायला गेलं होतं. काचेवर फोन नंबर नाही, हँडब्रेक ओढलेला. आम्ही सहाजणांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून केळकर रस्त्यापर्यंत उचलून नेलं. एकानं खुर्चीची पाठ धरली होती, काकू चपला हातात घेऊन मागून पळत होत्या. काका वाचले. त्याच वर्षी विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती, तिथे सायरन ऐकू आला. ढोल थांबले, पथकातल्या पोरांनी दोर आत ओढला, माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चढली आणि गाडी बघता बघता निघून गेली.

मेट्रोबद्दल तुम्ही लिहिलंय, की ती 'कागदावर' आहे. हे मला पटत नाही. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मार्ग सुरू आहे. हडपसरहून बसनं स्वारगेट, तिथून पुढचंच स्टेशन मंडई. लिफ्टनं वर आलात की तुळशीबाग आणि दगडूशेठ दोन्ही चालत गाठता येतात. मोटारीनं आलात तर नदीपात्रात जागा शोधायची, आणि भाद्रपदात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तीही नाही.

मात्र तुमच्या दोन मुद्द्यांवर माझी चूक झाली. ज्यांना चालताच येत नाही, त्यांचा विचार माझ्या लेखात नव्हता. बंदीच्या हद्दीपासून मंडपापर्यंत ज्येष्ठांसाठी छोट्या बॅटरीच्या गाड्या हव्यात, आणि पेठेतल्या रहिवाशांना पासही हवा. दुसरं, कुठला रस्ता किती वाजता बंद होणार हे ऐनवेळी कळतं, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. गणपती कधी बसणार हे वर्षभर आधी ठाऊक असतं. मग वेळापत्रक निदान पंधरा दिवस आधी चौकाचौकात लावायला काय हरकत आहे?

दुकानदारांचा धंदा बुडेल असं म्हणाल, तर दर ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद असतो. तेव्हा एकदा येऊन बघा.

आणि यंदा आईंना आणाल तेव्हा शक्यतो सकाळी सातच्या सुमाराला या. रोषणाई दिसणार नाही, पण गर्दी कमी असते आणि मूर्तीसमोर घटकाभर उभं राहता येतं.