घोड्याच्या डोळ्यात लिंबू पिळायला सांगणाऱ्यांनो

“घोड्याच्या डोळ्यांचे सर्व आजार घरच्या घरी बरे करा, शालिहोत्राचे आठ गुप्त उपाय” असा एक मेसेज सध्या गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. वर फोटो मारवाडी घोड्याचा, आत वळलेल्या कानांवरून लगेच ओळखू येतो. असल्या मेसेजांना मी उत्तर देत बसत नाही. पण परवा तो माझ्या भाच्याने पेडण्याहून पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, लिंबू साधं घेऊ की इडलिंबू?” त्याच्याकडे एक घोडी आहे, लग्नाच्या वरातींना आणि सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या पर्यटकांना देतो. तिच्या डाव्या डोळ्यातून दोन दिवस पाणी येत होतं. म्हणून हे लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय.

शालिहोत्र हा अश्ववैद्यकाचा जुना आचार्य, त्याबद्दल वाद नाही. पण याच मेसेजच्या चौथ्या उपायात डेक्सामेथासोन या आजच्या स्टिरॉइड औषधाचे थेंब आहेत. ऋषींच्या काळात मेडिकल स्टोअर कुठल्या नाक्यावर होतं, तेही लिहायचं होतं.

सगळ्यात घातक उपाय तिसरा, म्हणून आधी तोच. “डोळ्यात फूल पडल्यास लिंबाचा रस व मध समभाग घालावा. उतार न पडल्यास तंबाखू चघळून पिंक मारावी. तरीही न गेल्यास शंखाची पूड नळीने फुंकावी.”

घोड्याचा डोळा जमिनीवरच्या प्राण्यांतल्या सगळ्यात मोठ्या डोळ्यांपैकी एक. तो डोक्याच्या बाजूला असतो आणि बाहेर आलेला असतो. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, आणि त्यामुळेच काटा, बांबूचं टोक, दाराचा खिळा, सुक्या गवताची काडी पहिली तिथेच लागते. डोळ्यावरचा काचेसारखा पडदा, म्हणजे कॉर्निया, मधोमध एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्यावर जखम झाली की आजूबाजूचा भाग पाणी शोषून पांढुरका होतो. पुष्कळदा आपण ‘फूल’ म्हणतो ते हेच. म्हणजे ज्याला फूल दिसतंय त्याच्या समोर उघडी जखम असू शकते, आणि तिच्यात हे लोक आम्ल ओतायला सांगतात. तंबाखूच्या पिंकेत माणसाच्या तोंडातले सगळे जंतू. शंखाची पूड तर पॉलिशपेपरच. शिवाय दुखऱ्या डोळ्याची पापणी घोडा गच्च मिटून घेतो. ती बोटांनी जोर लावून उघडली आणि जखम खोल असली, तर डोळा तिथल्या तिथे फुटू शकतो.

“आमच्या आजोबांनी हेच केलं आणि फूल गेलं,” असं कुणीतरी म्हणणारच. गेलं असेल. वरवरचा ओरखडा, जंतू शिरले नाहीत तर, आठवड्याभरात आपोआप भरतो. लिंबू घाला किंवा घालू नका. ज्या घोड्यांचे डोळे गेले त्यांची गोष्ट आजोबांनी सांगितली नाही, एवढंच.

आणि जंतू शिरले तर? आपल्याकडे पावसाळ्यात सरासरी ३००० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. गवताला बुरशी, भिंतींना बुरशी. ॲस्परजिलस आणि फ्युझेरियम या बुरश्या उष्ण, दमट भागांत घोड्याच्या कॉर्नियाच्या जखमेत घर करतात. काही जखमांमध्ये कॉर्निया अक्षरशः वितळायला लागतो, एक-दोन दिवसांत खेळ संपतो. तेव्हा ‘दोन दिवस लिंबू, मग दोन दिवस तंबाखू, मग शंख’ हे वेळापत्रक पाळलं, तर शंखापर्यंत पोचताना डोळाच राहणार नाही.

चौथा उपाय: “डोळा लाल, पाणी येते, सूज असल्यास डेक्सामेथासोन थेंब, दिवसातून चार वेळा.” याच्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त फसवं आहे. डोळ्याच्या आतल्या सुजेवर, म्हणजे युव्हायटिसवर, डॉक्टर स्टिरॉइड देतात आणि द्यावंच लागतं. पण कॉर्नियावर जखम असताना तेच थेंब घातले तर जखम भरत नाही आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. बाहेरून दोन्ही आजारांत डोळा सारखाच दिसतो: लाल, मिटलेला, वाहणारा. फरक कळतो तो फ्लुरोसीनच्या पट्टीने. ती डोळ्याला लावली की कॉर्नियावर जखम असेल तिथे हिरवा रंग चढतो. पट्टी स्वस्त आहे आणि तपासणी काही मिनिटांची. मर्क व्हेटरनरी मॅन्युअल जगभरचे पशुवैद्य वापरतात, इंटरनेटवर फुकट वाचता येतं. माझं म्हणणं सोडा, तिथे पाहा. जखम असताना स्टिरॉइड नको, हे तिथे स्पष्ट दिलंय. मागच्या खेपेची उरलेली ट्यूब फळीवर असेल तर ती आजच टाकून द्या.

सहावा मुद्दा वाचून मी फोन खाली ठेवला. “बाहुलीच्या कडेला काळे दाणे दिसल्यास ती गोचिडीची अंडी होत, चिमट्याने काढावीत.” अहो, ते दाणे प्रत्येक घोड्याला असतात! बाहुलीच्या वरच्या कडेला जास्त, खालच्या कडेला कमी. लखलखीत उन्हात ते बाहुलीवर सावली धरतात असं मानतात. आणि ते कॉर्नियाच्या मागे, डोळ्याच्या आत असतात. चिमट्याने तिथे पोचायचं म्हणजे डोळ्याला भोक पाडायचं. लिहिणाऱ्याने आयुष्यात घोडा पाहिलाय तो बहुधा शिगम्यातल्या घोडेमोडणीच्या नाचातला, कमरेला बांधलेला खोटा घोडाच.

पाचवा, “डोळ्यात साप फिरतो, कडुलिंबाची धुरी दिल्यास बाहेर पडतो.” इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं, की असं काही डोळ्यात खरंच दिसतं. दोऱ्यासारखा पांढरा जंत बाहुलीसमोर वळवळताना दिसतो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. त्याचं नाव सेटारिया. त्याचं खरं घर गाईगुरांच्या पोटाच्या पोकळीत. डास त्याची पिल्लं उचलतात आणि घोड्याला चावताना सोडतात. घोड्याच्या शरीरात वाट चुकलेली अळी कधी डोळ्यात जाते, कधी मज्जारज्जूत, आणि मग मागचे पाय लुळे पडतात. उत्तरेकडे या लुळेपणाला कुमरी म्हणतात. डोळ्यातला जंत धुरीने बाहेर पडणार कुठून? तो आतल्या पाण्यात आहे, दार नाही. भूल देऊन, बारीक छेद घेऊन डॉक्टरच तो काढतात. धुरीने डास पळतात, हे खरं. पण तोंडाजवळ धूर कोंडला की डोळे आणखी चुरचुरतात. त्यापेक्षा पागेला जाळी लावा, घोडा गोठ्यापासून लांब बांधा, शेण आणि साचलेलं पाणी रोज काढा.

दुसरा: “अमावास्या-पौर्णिमेला डोळा बिघडतो, दृष्ट काढावी.” तो आजार जातो आणि परत येतो, म्हणून लोकांनी चंद्राला धरलं. तो पुन्हा पुन्हा उलटणारा युव्हायटिस, आणि घोडे आंधळे होण्याचं जगातलं सगळ्यात मोठं कारण (हेही मर्कमध्ये आहे). त्याच्या कारणांमध्ये लेप्टोस्पायरा आहे, उंदराच्या मुतातून पसरणारा, आपल्याकडे पावसात माणसांनाही होणारा लेप्टो तोच. डोळ्याचा त्रास संसर्गानंतर कित्येक महिन्यांनी सुरू होऊ शकतो. मिरच्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण धान्याच्या पिंपाला झाकण लावा.

पहिला आणि सातवा उपाय झटकन. मिठाच्या पाण्याने धुवा: अंदाजाने मूठभर मीठ टाकून नव्हे, मेडिकलमधलं सलाइन घ्या आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा स्वच्छ कापूस. गाजर: घाला, घोडा खूश होईल. हिरवं गवत मिळणाऱ्या घोड्याला त्यातूनच पुरेसं अ जीवनसत्त्व बनवता येतं. गाजराने फूल जात नाही.

भाच्याला मी फोनवर एकच विचारलं: “दोन्ही डोळे समोरून बघ. डाव्या डोळ्याच्या पापणीचे केस उजव्यासारखे आडवे आहेत की खाली झुकलेत?” झुकले होते. म्हणजे डोळा दुखत होता. डॉक्टर संध्याकाळी आले, हिरवा ठिपका दिसला, औषध सुरू झालं. ॲट्रोपिनही दिलंय. त्याने बाहुली मोठी होऊन कळ कमी होते, पण आतडी मंदावतात, म्हणून लीद रोज पडते ना आणि पोटशूळ नाही ना, यावर लक्ष ठेवायला सांगितलंय.

राहिला आठवा: “डोळा गेल्यास घोडा त्वरित विकावा.” घेणाऱ्याला न सांगता, असं त्यात उघड लिहिलेलं नाही, पण रोख तोच. एका डोळ्याचे घोडे वर्षानुवर्षं नीट काम करतात. आंधळ्या बाजूने जाताना आधी आवाज द्यायचा, बांधताना ती बाजू भिंतीकडे ठेवायची. आणि विकायचाच असेल तर गिऱ्हाइकाला सांगून विका. उद्या त्याच घोड्यावर कुणाचं तरी पोर बसणार आहे.